प्रोटोटाइप कार्ट्रिजमधली ईप्रॉम चिप: गेम पुसला जाण्याआधी तो कसा उतरवून घ्यायचा

प्रोटोटाइप कार्ट्रिज, म्हणजे गेम तयार होत असताना चाचणीसाठी बनवलेलं कार्ट्रिज, हातात आलं की ते कन्सोलमध्ये खोचून गेम चालतो का ते बघावंसं वाटणं साहजिक आहे. तेवढं मात्र आधी करू नका. वर्षानुवर्षं खणात पडून राहिलेल्या बोर्डाची अवस्था काय आहे, एखादी पिन शेजारच्या पिनेला टेकली आहे का, बॅटरी गळली आहे का, यातलं काहीच तुम्हाला ठाऊक नसतं. वीज दिली आणि चिप गेली, तर गेलेली प्रत कदाचित जगातली एकमेव असेल. म्हणून आधी चिपमधली माहिती फाइलमध्ये उतरवायची, ती बरोबर उतरली आहे याची खात्री करायची आणि मग खेळायचं. आधी खेळायला बसणं म्हणजे आधी कळस मग पाया.

हे काम पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी इथे सगळं क्रमाने सांगतो.

चिपमध्ये नेमकं काय घडत असतं

दुकानात विकल्या गेलेल्या कार्ट्रिजमध्ये बहुतेक वेळा मास्क रॉम असते. तिच्यातली माहिती कारखान्यात चिपच्या रचनेतच घडवलेली असते, त्यामुळे ती सहजासहजी जात नाही. प्रोटोटाइपची गोष्ट वेगळी. गेम अजून तयार होत असतो, आज एक आवृत्ती तर चार दिवसांनी दुसरी, आणि दर वेळी कारखान्यातून नवी चिप करून घेणं परवडणारं नसतं. म्हणून पुसून पुन्हा लिहिता येणारी ईप्रॉम वापरली जायची. ही चिप इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये तयार केली.

ईप्रॉममध्ये प्रत्येक बिटासाठी, म्हणजे प्रत्येक शून्य किंवा एकासाठी, एक अतिसूक्ष्म कप्पा असतो, चारी बाजूंनी विद्युतरोधक थरात बंद केलेला. लिहिताना जास्त व्होल्टेज देऊन काही कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडतात. इलेक्ट्रॉन कोंडलेला कप्पा म्हणजे शून्य, रिकामा कप्पा म्हणजे एक. चिपच्या पाठीवर जी गोल काचेची खिडकी दिसते ती क्वार्ट्झची असते आणि अतिनील किरण तिच्यातून आरपार जातात. २५३.७ नॅनोमीटरच्या दिव्याखाली चिप १५ ते २० मिनिटं ठेवली की कोंडलेले इलेक्ट्रॉन निसटतात आणि सगळी चिप कोरी होते, म्हणजे प्रत्येक बिट एक.

दिवा नसला तरी हे निसटणं थांबत नाही, फक्त फार सावकाश होतं. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी माहिती टिकण्याची जी मुदत गृहीत धरली होती ती १०-२० वर्षांची, आणि १९८० आणि १९९० च्या दशकातल्या या चिपा आता ३० ते ४० वर्षांच्या झाल्या आहेत. उष्णतेने हे आणखी लवकर होतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढे तिचाच आधार घ्यायचा आहे: चिप जुनी होताना शून्याचा एक होतो, एकाचा शून्य होत नाही. झीज एकाच दिशेने चालते.

खिडकी आधी झाका

स्क्रू काढून कार्ट्रिज उघडा. निन्टेन्डो आणि सेगाच्या बऱ्याच कार्ट्रिजना स्क्रूड्रायव्हरचं ३.८ मिलिमीटरचं खास टोक लागतं. पक्कड किंवा वितळवलेलं प्लास्टिक वापरून स्क्रूशी झटापट करू नका, कवच फुटतं.

आत चिपांच्या खिडक्यांवर कागदी स्टिकर दिसतील. निदान दिसायला हवेत. त्यांचा डिंक वाळलेला असतो आणि कोपरे उचललेले असतात. कधी स्टिकर गळून कवचात पडलेला सापडतो आणि खिडकी उघडी असते. इंटेलच्या माहितीपत्रकांत हिशोब दिलेला असे: उघडी खिडकी सतत ट्यूबलाइटच्या प्रकाशात राहिली तर चिप साधारण ३ वर्षांत पुसली जाईल, थेट उन्हात साधारण एका आठवड्यात. कोणी तरी ही चिप वर्षभर काचेच्या कपाटात, खिडकीशेजारी मांडून ठेवली असेल तर काय झालं असेल याचा अंदाज करा.

म्हणून पहिलं काम, उघड्या खिडकीवर प्रकाश न जाऊ देणारी पट्टी लावायची. अॅल्युमिनियमची पातळ चिकटपट्टी उत्तम, पण तिची कड पिनांना लागता कामा नये, नाहीतर शॉर्ट होईल. जुना स्टिकर जागेवर असेल तर तो उपटू नका. त्याच्यावरूनच नवी पट्टी लावायची असेल तर मध्ये साधा कागद ठेवा, म्हणजे स्टिकरवरच्या शाईला डिंक लागणार नाही.

फोटो, भरपूर फोटो

कवच, बोर्डाच्या दोन्ही बाजू, प्रत्येक चिपचा जवळून फोटो. स्टिकरवर हाताने जे लिहिलेलं आहे ते वाचता येईल असा फोटो हवा. तिथे गेमचं कामचलाऊ नाव, तारीख, चिपचा क्रम आणि बऱ्याचदा चार अक्षरांचा एक आकडा असतो, उदाहरणार्थ ए४१एफ. या आकड्याला जपा. तो का ते पुढे येईलच.

चिपच्या अंगावरही वाचण्यासारखं पुष्कळ असतं. ९१३४ असा आकडा दिसला तर तो बहुतेक वेळा चिप बनल्याची तारीख सांगतो, १९९१ चा ३४ वा आठवडा. गेम त्याआधी त्या चिपवर लिहिला गेलेला असणं शक्य नाही, एवढं तरी त्यावरून नक्की होतं. २७६४, २७२५६, २७सी०१० असे आकडे म्हणजे चिपचा प्रकार. २७६४ मध्ये ८ किलोबाइट मावतात, २७२५६ मध्ये ३२, २७सी०१० मध्ये १२८. खिडकी नसलेली काळी प्लास्टिकची चिप दिसली आणि तिच्यावर २७ने सुरू होणारा आकडा असला तर तीही ईप्रॉमच, फक्त एकदाच लिहिता येणारी. तिला प्रकाशाचं भय नाही, पण इलेक्ट्रॉन तिच्यातूनही गळतात.

बोर्डावर नाण्यासारखी बॅटरी असेल तर घाईने काढू नका. गेम बनवणाऱ्यांनी खेळताना साठवलेली माहिती त्या बॅटरीच्या जोरावर अजून जिवंत असू शकते. बॅटरी गळलेली नसेल तर आधी कार्ट्रिज रीडरने (अख्खं कार्ट्रिज वाचून त्यातली माहिती फाइलमध्ये उतरवणारं यंत्र) ती माहिती उतरवा. गळलेली असेल तर तिची बोर्डावरची घाण वाढण्याआधी बॅटरी काढणंच बरं.

चिप काढायची की बोर्डावरच वाचायची

बोर्डावर सॉकेट असेल तर चिप उचलून काढता येते. आधी अंगातली स्थितिक वीज उतरवा, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा. मग चपटा, बारीक स्क्रूड्रायव्हर चिप आणि सॉकेटच्या मधे एका टोकाला घालून केसभर उचला, मग दुसऱ्या टोकाला केसभर, पुन्हा पहिल्या. एका बाजूने एकदम उचललीत तर दुसऱ्या बाजूच्या पिना दुमडतात, आणि सरळ करताना तुटतात. चांदीचा मुलामा असलेल्या जुन्या पिना काळ्या पडलेल्या दिसतील. काळ्या पडलेल्या पिना ठिसूळही असू शकतात. माझ्या हातून एकदा अशीच एक पिन चिपच्या अगदी बुडाशी तुटली. उरलेल्या ठिपक्याएवढ्या धातूला बारीक तार जोडून ती चिप वाचता आली, पण ती दुपार मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मी आधी भिंगातून प्रत्येक पिन बघतो.

चिप सोल्डर केलेली असेल तर नवख्या माणसाने ती काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तापवून चिप काढण्यात चिपचा आणि बोर्डाच्या तांब्याच्या रेषांचा, दोन्हींचा धोका आहे. त्याऐवजी कार्ट्रिज तसंच्या तसं कार्ट्रिज रीडरमध्ये घालून वाचा. ओपन सोर्स कार्ट्रिज रीडरसारखी यंत्रं बऱ्याच कन्सोलची कार्ट्रिज वाचतात. यातही वीज बोर्डालाच जाते, म्हणून आधी मल्टिमीटरने पाच व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना ते बघा. कार्ट्रिजच्या खालच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा, पण तो ओला बोळा स्टिकरच्या आसपास फिरकू देऊ नका. मार्करची शाई त्याने एका क्षणात फिसकटते.

वाचणं

सुट्या चिपसाठी ईप्रॉम प्रोग्रामर लागतो. टीएल८६६ किंवा टी४८ यांसारखे यूएसबीवर चालणारे प्रोग्रामर घरगुती कामाला पुरतात आणि त्यांच्यासाठी मिनीप्रो हे मुक्त सॉफ्टवेअरही आहे. त्यांच्या सॉकेटला ४० जागा असतात. २७सी१६० सारख्या ४२ पिनांच्या चिपेला वेगळा अडॅप्टर लागेल.

चिपच्या एका टोकाला खाच असते. ती सॉकेटवरच्या चित्राप्रमाणेच बसवा आणि वीज देण्याआधी पुन्हा एकदा बघा. उलटी बसवलेली चिप मरते.

सॉफ्टवेअरमध्ये चिपचा नेमका प्रकार निवडा आणि ओळख तपासण्याचा पर्याय बंद करा. ही ओळख वाचताना प्रोग्रामर चिपच्या ए९ या पिनेला सुमारे १२ व्होल्ट देतो. त्यासाठी न बनवलेल्या जुन्या चिपेला तो धक्का सोसेलच असं नाही, आणि नुसत्या वाचनासाठी ओळखीची गरजही नसते. मग फक्त वाचण्याचं बटण. लिहिण्याच्या बटणाकडे बोट जाता कामा नये.

वाचताना खिडकी झाकलेलीच ठेवा, कारण चालू चिपवर तीव्र प्रकाश पडला तर वाचनातही गडबड होऊ शकते.

फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडा. हे सॉफ्टवेअर प्रत्येक बाइट, म्हणजे आठ बिटांचा गट, ०-९ आणि ए-एफ यांतल्या दोन हेक्स अक्षरांनी दाखवतं. सगळीकडे एफएफ, म्हणजे प्रत्येक बिट एक, दिसलं तर चिप कोरी आहे किंवा पिनांचा संपर्कच होत नाहीये. फाइलचे दोन अर्धे भाग तंतोतंत सारखे असतील तर तुम्ही चिपचा प्रकार मोठा निवडला आहे, किंवा पत्त्याची, म्हणजे चिपमधल्या कोणत्या जागेतून वाचायचं ते सांगणारी, एखादी पिन टेकत नाहीये, किंवा मूळ लोकांनीच लहान गेम मोठ्या चिपमध्ये दोनदा लिहिला आहे. तिसरं कारण मानण्याआधी पहिली दोन खोडून काढा.

एका वाचनावर विसंबू नका. किमान पाच वेळा वाचा, त्यातल्या दोन-तीन वेळा चिप सॉकेटमधून काढून पुन्हा बसवा, आणि प्रत्येक फाइलचा एसएचए-१ हॅश काढा (फाइलवरून हिशोबाने निघणारा ठसा; फाइल जराही बदलली तर तोही बदलतो). पाचही हॅश जुळले तर वाचन स्थिर आहे. स्थिर म्हणजे बरोबर असं मात्र नव्हे, कारण पूर्ण रिकामा झालेला कप्पा दर वेळी तीच चूक सांगतो.

फाइल खरी आहे हे कसं ठरवायचं

इथे घाई करणारे फार. या कामाचा जीवच यात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका बिटाने काय बिघडतं ते बघा. निन्टेन्डोच्या ८-बिट कन्सोलचा गेम सुरू होताना ‘ए९ ०० ८डी ०० २०’ असे पाच बाइट पुष्कळदा दिसतात. अर्थ असा: शून्य घे आणि २००० या पत्त्यावर लिही. ए९ म्हणजे १०१० १००१. यातलं उजवीकडून तिसरं बिट शून्याचं एक झालं की होतं १०१० ११०१, म्हणजे एडी. एडीचा अर्थ, ‘पुढचे दोन बाइट हा पत्ता आहे, तिथून घे’. प्रोसेसर आता ०० आणि ८डी हे दोन्ही पत्ता म्हणून गिळतो, आणि त्यापुढचं ०० त्याला स्वतंत्र आदेश वाटतं: हातातलं काम सोड आणि दुसरीकडे उडी मार. एक कप्पा रिकामा झाला आणि गेम पहिल्याच पावलाला पडला.

आता स्टिकरवरचा तो चार अक्षरी आकडा काढा. ईप्रॉम लिहिणारी यंत्रं काम झालं की चेकसम दाखवत, आणि बसलेला माणूस तो स्टिकरवर टिपून ठेवत असे. बहुतेक वेळा हिशोब साधा असतो: चिपमधल्या सगळ्या बाइटांची बेरीज करायची आणि शेवटची चार हेक्स अक्षरं ठेवायची. हेक्स एडिटर किंवा प्रोग्रामरचं सॉफ्टवेअर ही बेरीज करून देतं. संपूर्ण चिपची बेरीज करा, शेवटचा मोकळा एफएफचा भाग कापून नव्हे. स्टिकरवर ए४१एफ आहे आणि तुमची बेरीजही ए४१एफ आली, तर चिप लिहिणाऱ्याने त्या दिवशी जे पाहिलं तेच तुमच्या हातात आहे, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं.

नाही जुळली आणि समजा ए४२३ आली, तर फरक ४ चा. तिसऱ्या बिटाची किंमत ४ असते, आणि झीज फक्त शून्याचा एक करते, म्हणून बेरीज वाढलेलीच असणार. फरक १, २, ४, ८ असा असला तर बहुधा एकच बिट गेलं आहे, आणि ते बाइटात कितवं हेही कळलं. वर ए९ चा एडी झाला तेव्हा फरक नेमका ४ च होता. तुमची बेरीज स्टिकरपेक्षा थोडी कमी आली, तर ती झीज नव्हे; संपर्क, चुकीचा प्रकार किंवा बेरजेची वेगळी पद्धत शोधा.

गेमच्या आतही खुणा असतात. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलच्या फाइलमध्ये १०० या हेक्स पत्त्यावर सेगा हे नाव आणि १८ई वर चेकसम असतो. सुपर निन्टेन्डोत चेकसम आणि त्याचा पूरक आकडा यांची बेरीज एफएफएफएफ यायला हवी. गेम बॉयमध्ये १०४ ते १३३ या पत्त्यांवर निन्टेन्डोचा लोगो असतो आणि तो सगळ्या गेममध्ये एकसारखा असतो. पण प्रोटोटाइपमध्ये हे चेकसम बऱ्याचदा भरलेलेच नसतात, म्हणून न जुळणं हा दोष मानू नका. जुळणं ही मात्र मोठी आनंदाची गोष्ट.

वाचन दर वेळी वेगळं येत असेल तर

आधी पिना स्वच्छ करा. मला दिसलेल्या अस्थिर वाचनांत संपर्काचाच दोष जास्त वेळा निघाला. अल्कोहोलने पुसा, काळा थर जाड असेल तर मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा. एका चिपचं तिसरं वाचन पहिल्या दोनांहून वेगळं येत होतं आणि मी तिला मरणपंथाला लागलेली समजून बसलो होतो; एक पिन घासली आणि पुढची दहा वाचनं एकसारखी आली.

तरीही फरक राहिला तर कप्पे अर्धवट रिकामे आहेत. अशा वेळी प्रोग्रामरमध्ये पुरवठ्याचं व्होल्टेज बदलता येत असेल तर ते पाचावरून थोडं थोडं खाली आणा: ४.७५, ४.५, मग आणखी थोडं. व्होल्टेज कमी झालं की अर्धवट भरलेला कप्पा अजून शून्य म्हणून वाचला जातो. जास्त झालं की तोच कप्पा एक म्हणून वाचला जातो. म्हणून दुबळ्या चिपेला व्होल्टेज वाढवून कधी वाचू नका. फार खाली गेलात तर चिप वाटेल ते सांगू लागते. तिथे थांबायचं आणि वरचं शेवटचं स्थिर वाचन धरायचं.

सगळ्या फाइली एकमेकींशी ताडून बघा. ज्या बाइटात फरक आहे तिथे ज्या वाचनात शून्यं जास्त, ते बहुधा खरं, कारण झीज उलट दिशेने होत नाही. हा नियम संपर्काचा दोष नक्की गेलेला असेल तेव्हाच लावा. मग स्टिकरची बेरीज जुळते का बघा. कमी व्होल्टेजवरच्या फाइलीची बेरीज स्टिकरवरच्या आकड्याशी जुळलेली दिसते तेव्हा होणारा आनंद सांगून कळायचा नाही.

एकापेक्षा जास्त चिपा

मेगा ड्राइव्हसारख्या १६-बिट यंत्रांच्या बोर्डावर गेम बऱ्याचदा दोन चिपांत विभागलेला असतो, एकीत सम पत्त्यांचे बाइट, दुसरीत विषम. अशी फाइल सुटी उघडलीत तर सेगा या नावातलं ‘एस’ आणि ‘जी’ एका फाइलीत दिसेल, ‘ई’ आणि ‘ए’ दुसरीत. एकाआड एक बाइट घेऊन दोन्ही जोडल्या की नाव पुरं होतं, आणि क्रम बरोबर लागल्याची खूणही तीच. निन्टेन्डोच्या ८-बिट बोर्डावर प्रोग्रामची आणि चित्रांची चिप वेगळी असते, त्या तशाच वेगळ्या ठेवा.

जोडलेली फाइल केली तरी प्रत्येक चिपची मूळ फाइल तशीच जपा. शेवटचा निरुपयोगी वाटणारा भागही कापू नका. चिप लिहिताना मोकळ्या जागेत कधी कधी आधीच्या आवृत्तीचे किंवा भलत्याच गेमचे तुकडे राहून जातात, आणि अभ्यास करणाऱ्याला तेच सोन्याहून मोलाचे.

फाइल झाली, पुढे काय

सगळी वाचनं, अगदी चुकलेलीसुद्धा, फोटोंसह एका फोल्डरमध्ये ठेवा. हॅश, तारीख, प्रोग्रामर, व्होल्टेज हे साध्या मजकूर फाइलीत लिहा. तीन प्रती, वेगवेगळ्या ठिकाणी.

एक प्रत जतनाचं काम करणाऱ्या संस्थेकडे द्यायचा विचार जरूर करा. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन २०१७ पासून हे काम करते आहे, रॉचेस्टरच्या द स्ट्राँग संग्रहालयातही खेळांचा मोठा संग्रह आहे. कार्ट्रिज तुमच्या मालकीचं असलं तरी गेमचे हक्क तुमचे होत नाहीत, हे ध्यानात असू द्या. पण प्रत झाली की काय होऊ शकतं ते ‘मदर’ या गेमवरून दिसतं. त्याचं इंग्रजी भाषांतर १९९० मध्ये पूर्ण होऊनही बाजारात आलं नाही. एका प्रोटोटाइप कार्ट्रिजमधून ते १९९८ मध्ये उतरवलं गेलं, आणि निन्टेन्डोने ते अधिकृतपणे आणलं थेट २०१५ मध्ये. मधली १७ वर्षं लोक तो गेम खेळले ते त्या उतरवलेल्या प्रतीवर.

खेळायचं असेल तर नव्या चिपेवर गेम लिहा किंवा फ्लॅश कार्ट (फाइलमधला गेम कन्सोलवर चालवणारं कार्ट्रिज) वापरा. नव्या चिपेवर लिहिताना व्होल्टेज जपून निवडा: जुन्या २७१६ ला २५ व्होल्ट लागतात, २७३२ए ला २१, नंतरच्या बऱ्याच चिपांना साडेबाराच्या आसपास. चुकीचा आकडा चिप जाळतो.

मूळ चिपेवर तीच माहिती पुन्हा लिहून कप्पे ‘ताजे’ करावेत असं काही जण सुचवतात. तत्त्वतः ते होतं. पण तुमच्या फाइलीत एक बिट जरी चुकीचं असेल तर ती चूक मूळ चिपेतही पक्की होते, आणि तीस वर्षांच्या चिपेला लिहिण्याचं व्होल्टेज झेपेल याची हमी कोणी देत नाही. मी हे करत नाही आणि तुम्हीही करू नये असं मला वाटतं.

चिप पुन्हा सॉकेटमध्ये बसवा, कार्ट्रिज बंद करा, स्थितिक वीजरोधक पिशवीत घालून थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. सुटी चिप जुन्या काळ्या फोममध्ये खुपसून ठेवू नका. तो फोम कालांतराने विरघळतो आणि पिना गंजवतो. वाचल्याची तारीख आणि हॅश वेगळ्या कार्डावर लिहून पिशवीत सरकवा, चिपेवर काही चिकटवू नका. दरवर्षी कार्ट्रिज उघडून पुन्हा वाचण्याची गरज नाही, प्रत्येक हाताळणीत पिनांचा धोका आहेच. दरवर्षी तपासायच्या त्या फाइलींच्या तीन प्रती, कार्डावरच्या हॅशशी ताडून.